ध्रुवीय समुद्रातले डिंभ: थॉर्सनचा नियम कुठे लागतो, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाठ्यपुस्तक सांगतं की ध्रुवीय समुद्रात तळावर राहणारे अपृष्ठवंशी प्राणी पाण्यात पोहणारे डिंभ, म्हणजे लार्वा, सोडत नाहीत, ते मोठी अंडी घालतात किंवा पिल्लं अंगाशीच वाढवतात. मग अंटार्क्टिकाच्या पाण्यात बारीक जाळं ओढलं की तारामाशांचे आणि सी-अर्चिनचे (काटेरी चेंडूसारखे, ताऱ्यामाशाच्या नात्यातले प्राणी) डिंभ कसे सापडतात? आणि काही तर भर हिवाळ्यात, पाण्यात खाण्यासारखं जवळजवळ काहीच नसताना, जगतात कसे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, घोळ मोजणीत आहे. पुस्तकातला नियम प्रजाती मोजतो. उथळ तळावर प्रत्यक्ष कोण किती संख्येने बसलं आहे ते मोजायला घेतलं, तर चित्र बरंच उलटं होतं. जरा मागून सुरुवात करतो.

डॅनिश शास्त्रज्ञ गुनार थॉर्सन यांनी १९३०च्या दशकात पूर्व ग्रीनलंडच्या फियॉर्डांमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांमधल्या, तळावरच्या प्राण्यांचं प्रजनन तपासलं. १९३६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं आणि १९५० मध्ये त्यांनी जगभरच्या माहितीचा मोठा आढावा लिहिला. त्यांना दिसलं ते असं: उष्ण समुद्रात तळावरच्या बहुतेक प्रजातींचे डिंभ पाण्यात तरंगत सूक्ष्म शैवाल खाऊन वाढतात, आणि ध्रुवाकडे जावं तसं हे प्रमाण घसरत जातं. कारणही त्यांनी दिलं. ध्रुवीय समुद्रात वनस्पती प्लवकांचा, म्हणजे या तरंगत्या सूक्ष्म शैवालांचा, बहर काही आठवड्यांचा असतो, आणि थंडीमुळे डिंभाची वाढ इतकी रेंगाळते की बहर संपायच्या आत ती पुरी होत नाही. तेव्हा आईनेच अंड्यात भरपूर बलक भरून द्यावा किंवा पिल्लू स्वतःजवळ ठेवावं, हे बरं. पुढे १९७१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिलेइकोव्स्की यांनी याला ‘थॉर्सनचा नियम’ असं नाव दिलं आणि ते रुजलं.

हा युक्तिवाद मला आजही भक्कम वाटतो, म्हणून तो आधी पूर्ण ताकदीने मांडतो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत सर्वत्र आढळणारा सी-अर्चिन म्हणजे स्टेरेकायनस न्यूमायेरी. त्याचं अंडं मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढं. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रातल्या मॅकमर्डो साउंड या खाडीत पाणी जवळजवळ वर्षभर उणे १.८ अंशांच्या आसपास, म्हणजे गोठणबिंदूला टेकलेलं असतं. तिथल्या तापमानात फलनापासून तळावर बसायची तयारी होईपर्यंत त्याच्या डिंभाला सुमारे ११५ दिवस लागतात. समशीतोष्ण समुद्रातले त्याचे बरेचसे भाऊबंद हे काम तीन ते सहा आठवड्यांत उरकतात.

आता मरतुकीचा हिशोब करा. समजा, पाण्यातल्या डिंभांपैकी रोज दहा टक्के मरतात. तीस दिवसांनी शंभरातले चार उरतील. एकशे पंधरा दिवसांनी दहा लाखांतले पाच. हे आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत, पण वाढीचा काळ चौपट झाल्यावर काय होतं ते त्यातून लख्ख दिसतं. तेच रोजची मरतूक दोन टक्क्यांवर आणली की ११५ दिवसांनीही शंभरातले दहा उरतात. म्हणजे ध्रुवीय पाण्यात लांब मुदतीचा डिंभ टिकायचा असेल, तर त्याच्या रोजच्या मरणाचा दर खूप खाली असायला हवा. सगळी चर्चा शेवटी या एका अटीपाशी येते.

आता दुसरी बाजू. १९८०च्या दशकात मॅकमर्डोमध्ये जॉन पिअर्स, इसिड्रो बॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका प्राण्याची अंडी फलित करून, डिंभ वाढवून पाहिले. तिथला सर्वांत सामान्य तारामासा ओडोंटास्टर व्हॅलिडस हिवाळ्यात अंडी सोडतो आणि त्यातून खाणारा, पोहणारा बायपिनारिया डिंभ तयार होतो. स्टेरेकायनसचा डिंभ म्हणजे नेहमीचा, हातवाला प्लुटिअस. ॲडम्यूसियम कोलबेकी हा मोठा शिंपला, नॅसेला कॉन्सिना हा खडकाला चिकटणारा लिंपेट, पार्बोर्लासिया कॉरुगेटस हा हातभर लांबीचा रिबीनकृमी, यांचेही डिंभ पाण्यातच वाढतात. अंटार्क्टिकाच्या उथळ तळावर उतरणाऱ्या पाणबुड्याला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त दिसणारे प्राणी नेमके हेच आहेत. एली पूलँ, आल्वारो पाल्मा आणि जाँ-पिएर फेराल यांनी २००२ मध्ये हा मुद्दा स्पष्टपणे मांडला: पिल्लं जवळ बाळगणाऱ्यांच्या प्रजाती भरपूर आहेत, पण उथळ पाण्यात संख्येने वरचढ आहेत ते डिंभ सोडणारे.

असं का, ते बर्फ सांगतो. मॅकमर्डोमध्ये तळावरच बर्फाचे स्फटिक धरतात, सुमारे पंधरा मीटर खोलीपर्यंत भरपूर आणि विरळ प्रमाणात तेहेतीस मीटरपर्यंत. पॉल डेटन यांनी १९६०च्या दशकात हे नीट नोंदवून ठेवलं आहे. हा बर्फ सुटून वर येताना तळावरचे जीव उचलून नेतो. शिवाय हिमनग तळ घासत जातात आणि जिथून जातात तिथलं जवळजवळ सगळं चिरडून टाकतात. अशा मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा वस्ती करायला कुणीतरी लांबून यावं लागतं. आईच्या पोटाखालून बाहेर पडून चार पावलं सरकणारं पिल्लू तिथे पोचणार नाही. महिनोन्महिने पाण्यात फिरणारा डिंभ पोचतो. ज्या लांबलचक मुदतीला थॉर्सन धोका मानत होते, ती इथे उपयोगाला येते.

आता तुमच्या प्रश्नाचा मला सर्वांत आवडणारा भाग: हिवाळ्यात हे खातात काय?

पहिलं म्हणजे ते फार थोडं खर्च करतात. प्लुटिअस सूक्ष्मदर्शकाखाली थंड प्लेटवर ठेवून पाहिला की हे डोळ्यांनी जाणवतं. काचेसारखं पारदर्शक अंग, आत कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक काड्यांचा सांगाडा, हातांच्या कडेने फिरणारा केसलांचा, म्हणजे हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा, पट्टा आणि मध्ये पोटाची पिशवी. केसल हलताना दिसतात, पण उष्ण पाण्यातल्या प्लुटिअसची जी लगबग असते तिचा मागमूस नाही. थंड प्लेट नसली तर बशीतलं पाणी काही मिनिटांत तापतं, केसलांचा वेग वाढतो, मग त्यांचा मेळ बिघडतो, आणि त्यानंतर तुम्ही जे नोंदवाल ते त्या प्राण्याचं नैसर्गिक वागणं नसतं. ध्रुवीय डिंभांवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो: पिपेट, बशी, पाणी, सगळं आधी गार करून ठेवा.

खर्च कमी असण्याचं कारण नुसतं तापमान नाही. ॲडम मार्श, रॉबर्ट मॅक्सन आणि डोनल मॅनाहन यांनी २००१ मध्ये दाखवलं की स्टेरेकायनसच्या भ्रूणात प्रथिनं बनवायला लागणारी ऊर्जा इतर प्राण्यांत मोजलेल्या खर्चाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाइतकी आहे. वाढत्या भ्रूणाच्या ऊर्जेचा मोठा वाटा प्रथिनं घडवण्यात जातो. तिथेच एवढी काटकसर असेल तर अंड्यातली छोटी शिदोरी महिनोन्महिने पुरते. याउलट लॉइड पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम सांगतं की शून्याच्या आसपास भ्रूणाची वाढ तापमानाच्या नेहमीच्या गणितापेक्षाही जास्त मंदावते. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की हा प्राणी कसा जगतो ते कळतं: खर्च अगदी बेताचा, पण वेळ प्रचंड. उपाशी राहण्याची ताकद या जोडीतूनच येते.

दुसरं, पाणी आपल्याला वाटतं तितकं रिकामं नसतं. रिचर्ड रिव्हकिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मॅकमर्डोत दाखवून दिलं की अंटार्क्टिक तारामाशांचे डिंभ जिवाणू खातात. शैवालाचा बहर ओसरला तरी जिवाणू पाण्यात राहतात, काळोख्या हिवाळ्यातही. पाण्यात विरघळलेली अमिनो आम्लंही हे डिंभ त्वचेतून शोषून घेऊ शकतात. या दोन्ही वाटांनी मिळणारं अन्न थोडं असतं, पण ज्याची गरजच थोडी आहे त्याला ते आधाराला पुरतं. थॉर्सन यांच्या मांडणीत डिंभाचं अन्न म्हणजे शैवाल, असं धरलेलं होतं. माझ्या मते त्या मांडणीतली सर्वांत कच्ची कडी ती होती.

मग हिवाळ्यातच अंडी का सोडायची? एक उत्तर असं दिलं जातं की तेव्हा पाण्यात गाळून खाणारे प्राणी सुस्त असतात, भक्षक कमी असतात, म्हणजे रोजची मरतूक खाली येते. दुसरं असं की ओडोंटास्टरच्या डिंभाला पुरं वाढायला पाच-सहा महिने लागतात. हिवाळ्यात सुरुवात केली तर तो उन्हाळ्याच्या सुमारास तळावर बसतो आणि बसल्यावरच्या नाजूक दिवसांत त्याला तळावर साचणारं ताजं अन्न मिळतं. मला दुसरं कारण जास्त वजनाचं वाटतं. डिंभाची भूक बेताची असते. नुकत्याच रूप पालटलेल्या, तांदळाच्या कणीहून लहान तारामाशाची तशी नसते. प्रजननाचा काळ ठरवताना आपण डिंभाच्या पोटाचा विचार करतो आणि त्याच्या नंतरच्या पोटाचा विसरतो. स्टेरेकायनस मात्र वसंताच्या शेवटी, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास अंडी सोडतो आणि त्याचे प्लुटिअस उन्हाळ्याच्या बहरात वाढतात. एकाच खाडीत शेजारी राहणारे दोन प्राणी दोन वेगळी वेळापत्रकं पाळतात, हे ध्यानात ठेवा. ‘ध्रुवीय प्राण्यांचा विणीचा हंगाम’ असं एकच उत्तर कुणी दिलं तर सावध व्हा.

इतकी वर्षं हे डिंभ नजरेआड का राहिले, त्याचं उत्तर जाळ्यात आणि कॅलेंडरात आहे. जुन्या मोहिमा उन्हाळ्यात जात, जहाजं बर्फ धरायच्या आत परत फिरत. जाळ्यांची वीण, म्हणजे भोकांचा आकार, बहुधा २०० मायक्रॉन (मिलिमीटरचा पाचवा भाग) किंवा त्याहून मोठी, कारण लक्ष्य क्रिल आणि कोपेपॉड हे तरंगणारे कवचधारी प्राणी होते. शिंपल्यांचे लहान डिंभ त्यातून सरळ निसटतात. त्यात नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले आणि त्याची आम्लता सांभाळली नाही की प्लुटिअसच्या सांगाड्याच्या काड्या विरघळतात आणि बाटलीत ओळखू न येणारा चोथा उरतो. साउथ ऑर्कनी बेटांतल्या सिग्नीवर आणि नंतर अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या रोथेरा इथे बारीक साधनांनी वर्षभर, बर्फाला भोकं पाडून नमुने घेतले गेले, तेव्हा डिंभ सगळ्या महिन्यांत मिळाले. कुठल्या डिंभाचे आईवडील कोण, हा प्रश्न रॉस समुद्रातल्या नमुन्यांवर डीएनए वापरून सोडवला जाऊ लागला. काही वेळा एकाच रूपाच्या डिंभांत एकाहून जास्त प्रजाती निघाल्या. त्यासाठी नमुना अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, फॉर्मॅलिनमध्ये नाही.

पाण्याच्या दाटपणाचा मुद्दा लोक सहसा विसरतात. उणे १.८ अंशांच्या समुद्राचं पाणी विषुववृत्ताजवळच्या २८ अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त दाट, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणारं असतं. मिलिमीटरहून लहान प्राण्याला हे फार जाणवतं. केसलांनी पोहणं आणि अन्नाचा प्रवाह ओढणं महाग पडतं. दुसरीकडे बुडण्याचा वेगही घटतो, त्यामुळे वरच्या थरात टिकून राहायला फारशी धडपड करावी लागत नाही. म्हणून ‘थंडीने वेग कमी झाला’ असं मोजमाप दिसलं, तर त्यातला किती भाग शरीरक्रियेचा आणि किती पाण्याच्या दाटपणाचा, ते वेगळं काढलं आहे का हे पाहा.

आता पिल्लं सांभाळणाऱ्यांकडे येतो, कारण नियम त्यांच्यावरच उभा आहे. डिप्लास्टेरियास ब्रूसी हा तारामासा अंडी तोंडाशी धरून कमान करून बसतो. तो उलटा केला की मध्यभागी पिवळसर गोळ्यांचा घोस दिसतो. दक्षिण हिंद महासागरातल्या केर्गेलेन बेटांजवळच्या अबाटस कॉर्डेटस या सी-अर्चिनच्या पाठीवर चार खोलगट कप्पे असतात. मिलिमीटरहून मोठी अंडी त्यात वाढतात आणि आठ-नऊ महिन्यांनी छोटे, पूर्ण घडलेले सी-अर्चिन बाहेर पडतात. थंडीत ही सोय परवडते, कारण गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो आणि भ्रूणाची मागणी कमी असते, त्यामुळे घोसाच्या आतली अंडी गुदमरत नाहीत.

पण ही पद्धत थंडीमुळे निर्माण झाली का? पूलँ आणि फेराल यांनी १९९६ मध्ये प्रश्न उलटा विचारला: पिल्लं सांभाळणाऱ्या अंटार्क्टिक सी-अर्चिनांच्या प्रजाती इतक्या का? त्यांचं उत्तर असं की पिल्लं दूर जात नाहीत, म्हणून वस्त्या एकमेकींपासून तुटतात. हिमयुगांत बर्फाची चादर खंडमंचावर, म्हणजे खंडाला लागून असलेल्या उथळ समुद्रतळावर, पसरली की त्या आणखी विखुरतात, आणि तुटलेल्या वस्त्यांच्या हळूहळू वेगळ्या प्रजाती होतात. म्हणजे थंडीने पिल्लं सांभाळणाऱ्यांना निवडलं असं धरायची गरज नाही. सांभाळण्यामुळेच प्रजाती वाढत गेल्या. डोरिस केर्गेलेनेन्सिस या समुद्री गोगलगाईची गोष्ट याला जुळते. तिची पिल्लं अंड्यांच्या पुंजक्यातून थेट रांगती बाहेर येतात, आणि डीएनए तपासल्यावर एक समजली जाणारी ही प्रजाती अनेक वेगळ्या वंशांचा गट निघाली.

यात वंशपरंपरेचा हिशोबही धरायला हवा. अंटार्क्टिक तळावर ॲम्फिपॉड आणि आयसोपॉड या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या प्रजाती मुबलक आहेत. ते पोटाखालच्या पिशवीत पिल्लं वाढवतात, पण ते उष्ण समुद्रातही तसंच करतात. खेकडे मात्र अंटार्क्टिक खंडमंचावर जवळजवळ नाहीत. याचं एक महत्त्वाचं स्पष्टीकरण रक्तातल्या मॅग्नेशियमचं आहे: थंडीत ते नीट बाहेर टाकता आलं नाही की प्राणी गुंगीत गेल्यासारखा मंद होतो. एक गट पिल्लं सांभाळणारा म्हणून भरपूर, दुसरा डिंभ सोडणारा म्हणून नाहीसा, असं वरवर दिसतं. आत कारणं वेगवेगळी आहेत. सगळ्या गटांची एकत्र टक्केवारी काढून नियम सिद्ध झाला म्हणणं मला पटत नाही. गटागटाने मोजलं तर सी-अर्चिनांचं उत्तर एक येतं, कवचधारींचं दुसरं.

उत्तर ध्रुवाकडची स्थिती वेगळी आहे, ती अंटार्क्टिकाच्या साच्यात बसवू नका. आर्क्टिकचे उथळ खंडमंच विस्तीर्ण आहेत, नद्यांचं गोडं पाणी येतं आणि अटलांटिक व पॅसिफिककडून प्रवाह सतत आत येत राहतात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या फियॉर्डांमध्ये वसंतात बहर सुरू होतो तेव्हा बार्नॅकलचे (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी) नॉप्लिअस नावाचे डिंभ इतके निघतात की काही काळ प्राणी प्लवकांत तेच सर्वांत जास्त असतात. शिंपल्यांचे डिंभ त्यामागून उन्हाळ्यात येतात. थॉर्सन यांच्या ग्रीनलंडमध्येही ओफिओक्टेन सेरिसियम या ठिसूळ ताऱ्याचे (ब्रिटल स्टार, तारामाशाचा लांब हातांचा नातेवाईक) खाणारे डिंभ होतेच, त्यांनी स्वतःच ते नोंदवले. अंटार्क्टिकाच्या उथळ किनाऱ्यावर तर खडकाला धरणारे बार्नॅकल दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

हे प्रवाह बाहेरचे पाहुणेही आणतात. २००४ मध्ये स्वालबार्डच्या इस्फियॉर्डनच्या तोंडाशी निळे शिंपले सापडले, सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर. २००२च्या आसपास उबदार पाण्याचा लोंढा नॉर्वेच्या किनाऱ्याकडून डिंभ घेऊन आला, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. दक्षिणेला अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या चक्राकार प्रवाहाची भिंत पक्की मानली जायची, बाहेरचे डिंभ ती ओलांडणार नाहीत असं. पण २००३ मध्ये साउथ शेटलँडमधल्या किंग जॉर्ज बेटाजवळच्या पाण्यात खेकड्यांचे डिंभ मिळाल्याची नोंद आली, आणि २०१९ मध्ये त्याच बेटावर पॅटागोनियाशी जनुकीय नातं सांगणारे इवले शिंपले सापडले. त्यांच्या बाबतीत जहाजांवरही संशय आहे. डिंभ येणं ही पहिली पायरी. पाणी अंश-दोन अंशांनी तापलं तर त्यांची वाढ झटपट होऊन मुदत आखडेल, त्यांना तळावर बसायची संधी वाढेल.

स्थानिकांसाठी तोच अंश वेगळा ठरतो. स्टेरेकायनसच्या भ्रूणांना शून्याच्या थोडं वरचं पाणी मानवतं, वाढ वेग घेते. त्याच्या आणखी दोनेक अंश पुढे गेलं की विकृत भ्रूणांचं प्रमाण चढू लागतं. म्हणजे त्याला सरकायला जागा अगदी थोडी आहे. त्यात गार पाणी कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळवतं, त्यामुळे कवच आणि काड्या घडवायला लागणाऱ्या कार्बोनेटची इथे आधीच चणचण असते. आम्लतेची झळ डिंभांना किती लागेल यावरचे प्रयोग थोड्या दिवसांचे असतात, आणि हा डिंभ चार महिने पाण्यात असतो. चार दिवसांच्या प्रयोगावरून निर्धास्त होऊ नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. या विषयावरचा कुठलाही निबंध हातात घेतलात तर आधी तीन ठिकाणी बघा: जाळ्याची वीण किती, नमुने कोणत्या महिन्यांत घेतले, आणि टक्केवारी प्रजातींची आहे की जिवांची. चौथं, पाण्यात डिंभ मिळाले म्हणजे तळावर नवी पिढी बसली असं धरलंय का. रॉस समुद्रातल्या काचस्पंजांची नवी पिढी अनेक दशकं दिसली नव्हती, आणि २०००च्या दशकात ती अचानक मोठ्या संख्येने बसली. अशा समुद्रात दोन-तीन वर्षांची नोंद वाचताना ती कोणत्या दोन-तीन वर्षांची आहे हे विचारा.